ग्रो, ग्रू, साकु

बंगळूरच्या उत्तरेला, बल्लारी रस्त्यावर, येलहंका आहे. इथे माणूस कन्नड न शिकता वर्षानुवर्षं राहू शकतो, हिंदीवाचूनही निभतं. पण 'ग्रो' म्हटल्याशिवाय दिवस मावळत नाही. जागेचा दलाल भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं, "एरिया ग्रो आग्ता इदे, सार." सलूनमधला पोरगा डोक्यावर पाण्याचा फवारा मारता मारता सांगतो, "ग्रोथ कमी आहे सर, सीरम लावा." बालवाडीच्या पाटीवर लिहिलंय की इथे उद्याचे नेते ग्रो होतात; पाटीखाली उद्याचा नेता डबा सांडला म्हणून भोकाड पसरून बसलेला असतो. रोपवाटिकेत ग्रो बॅग मिळतात, बँकेतली मुलगी फोन करून आपले पैसे ग्रो करून देऊ म्हणते, आणि लिफ्टमध्ये भेटणाऱ्या आयटीतल्या शेजाऱ्याला 'कसं काय' विचारलं तर तो 'ग्रोइंग' म्हणतो. त्याच्या पोटाकडे नजर गेली की शंका उरत नाही.

आमच्या पिढीची आणि या क्रियापदाची गाठ पाचवीत पडली. तेव्हा महाराष्ट्रात सरकारी इंग्रजी पाचवीपासूनच सुरू व्हायचं. 'गो, वेंट, गॉन'च्या जरा खाली 'ग्रो, ग्रू, ग्रोन' बसलेलं असायचं. समोर अर्थ, 'वाढणे'. संपलं. गुरुजीही पुढच्या ओळीवर जायचे, आपणही जायचो. हे चार अक्षरी प्रकरण पुढे नोकरी, घर, तब्येत आणि म्हातारपण अशा सगळ्या ठिकाणी दारात उभं राहणार आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. इंग्रज माणूस मोठा होतो तोही ग्रो होऊन, थकतो तोही ग्रो होऊन आणि बारीक होतो तोही ग्रो होऊनच. वाढून लहान होण्याची विद्या फक्त त्यांनाच साधली. कंपनी तोट्यात गेली तरी त्यांच्याकडे ती 'निगेटिव्ह ग्रोथ' असते. आपल्याकडे असल्या वाढीला बुडणं म्हणतात.

मराठीनं असं एकाच क्रियापदाला राबवलेलं नाही. मूल वाढतं, पण मिसरूड फुटतं. पीक येतं, झाड लागतं, भाव चढतात, पोट सुटतं आणि वय होतं. धंद्याचा जम बसतो. नुसता धंदा बसला तर मात्र दिवाळं निघालेलं असतं. तेवढं सांभाळून बोलावं लागतं. उलट 'वाढणे' या शब्दाला आपण भलत्याच कामांना लावलंय. पंगतीत वाढायचं, देवापुढे नारळ वाढवायचा, आणि हातातली बांगडी फुटली तर फुटली म्हणायचं नाही, ती 'वाढली'. फुटण्यालाच वाढणं म्हणण्याचा हा दिलदारपणा बाकीच्यांना समजावून सांगताना तोंडाला फेस येतो.

बंगळूरात जन्मलेल्या मराठी मुलांची त्यामुळे फार पंचाईत होते. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, खाली खेळायला कन्नड आणि टीव्हीवर हिंदी. आमच्या इमारतीतल्या एका दुसरीतल्या मुलीनं शाळेत गणेशोत्सवाचं वर्णन करताना 'माय ग्रँडफादर ग्रू अ कोकोनट' असं लिहिलं. बाईंनी खाली लाल शाईत शेरा दिला, 'वेरी गुड, किती वर्षं लागली?' तिचा भाऊ जेवायला बसला की 'आई, ग्रो मी सम राइस' म्हणतो. आई म्हणते, "गप गीळ." आजी मात्र नातवाचं इंग्रजी ऐकून खूश होते आणि आणखी एक मूद ग्रो करते.

आता ज्या गावात राहून आपण हे बोलतोय, त्या गावानं स्वतः काय वाढवलं ते पाहू. येलहंका हे बंगळूरचं उपनगर आहे असं आपण म्हणतो, पण थोरलं घर तेच. येलहंक्याचे नाडप्रभू केंपेगौडा यांनी १५३७ साली दक्षिणेला जाऊन मातीचा किल्ला बांधला आणि पेठा वसवल्या. म्हणजे बंगळूर हे येलहंक्याचं लेकरू. गौडांच्या घराण्यानं नव्या शहराच्या चार दिशांना चार बुरूज उभारले. एक लालबागेत, एक अलसूर तळ्याकाठी, एक केंपांबुधी तळ्याजवळ आणि एक आजच्या मेखरी सर्कलपाशी. शहर वाढेल ते इथपर्यंत, अशी त्यांची खूण होती असं परंपरा सांगते. बुरूज आजही जागेवर आहेत. शहर त्यांना विचारायला थांबलं नाही. मजा म्हणजे मेखरी सर्कलचा बुरूज प्रमाण मानला, तर केंपेगौडांचं स्वतःचं गाव हद्दीच्या बरंच बाहेर पडतं.

मराठी माणूस इथे आयटीमुळे आला, असा एक गैरसमज आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजेनं रणदुल्लाखानाच्या हाताखाली बंगळूर घेतलं, तेव्हा बरोबर शहाजीराजे होते आणि शहर त्यांच्या जहागिरीत आलं. आजच्या भाषेत ते विजापूरच्या मुख्य कचेरीकडून झालेलं ऑनसाइट पोस्टिंग. पुढे त्यांचे चिरंजीव एकोजीराजे इथून तंजावरला गेले आणि तिथे राज्यच स्थापन केलं. करिअरमध्ये ग्रो होण्याचं इतकं ठळक उदाहरण गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात जमणाऱ्या आम्हा कुणाच्याही बायोडेटात नाही.

लेकरू मात्र वाढतच राहिलं. २००७ साली बंगळूरच्या पालिकेनं आजूबाजूच्या सात नगरपालिका, केंगेरीची एक छोटी पालिका आणि ११० खेडी पोटात घेतली. त्या सातांत येलहंकाही होतं. ज्या गावानं शहर जन्माला घातलं, ते गावच शहराच्या रेशनकार्डावर चढलं. पालिकेची हद्द सुमारे २२६ चौरस किलोमीटर होती, ती एका फटक्यात ७०० च्या वर गेली. पुढच्याच वर्षी, मे २००८ मध्ये, देवनहळ्ळीला नवा विमानतळ सुरू झाला आणि येलहंका हे बाहेरगाव न राहता वाटेवरचं गाव झालं. मग २०२५ साली सरकारच्या लक्षात आलं की पालिका फार मोठी झाली, आवरत नाही. तिचे पाच तुकडे केले. मराठीत दोन्ही घटना एकाच वाक्यात सांगता येतात: २००७ साली पालिका वाढवली आणि २०२५ साली नारळासारखी वाढवली.

रस्त्याचं म्हणाल तर आपल्याकडे मुलाचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात. बाह्या बोटांपर्यंत येतात, पहिलं वर्ष मूल त्यात हरवतं, दुसऱ्या वर्षी सापडतं. बल्लारी रस्ता शिवणाऱ्यांनी नेहमी कालचं माप घेतलं. हेब्बाळचा उड्डाणपूल २००३ मध्ये झाला, तेव्हा केवढा अवाढव्य वाटला होता. विमानतळाकडे जाणारा उंचावरचा रस्ता २०१४ मध्ये खुला झाला. तरीही हेब्बाळचे टाके उसवतच राहिले आणि अजून तिथे एकेक ठिगळ जोडणं चालू आहे. रोज संध्याकाळी त्या पुलावर उभ्या असलेल्या हजारो माणसांत प्रत्येक जण आपापल्या परीनं ग्रो होत असतो. निदान वयानं तरी.

कचेऱ्यांत या क्रियापदाला वेगळाच पदर आहे. पूर्वी धंदा आपोआप ग्रो व्हायचा. आता त्याला ग्रो 'करतात'. १९९२ च्या अमेरिकी निवडणुकीत बिल क्लिंटन अर्थव्यवस्था 'ग्रो' करण्याच्या गोष्टी बोलू लागले, तेव्हा तिकडच्या भाषेच्या जाणकारांनी नाकं मुरडली होती. टोमॅटो ग्रो करा, दाढी ग्रो करा, अर्थव्यवस्था ही काय कुंडीत लावायची वस्तू आहे का, असा त्यांचा सवाल. ते हरले. आज बंगळूरात सगळं कुंडीत लावलेलं आहे. टीम ग्रो करतात, ब्रँड ग्रो करतात, फॉलोअर ग्रो करतात. लोकांचे पैसे गुंतवून देणारी 'ग्रो' नावाची एक कंपनीच २०१६ साली याच शहरात निघाली. तिच्या नावात शेवटी दोन डब्ल्यू आहेत. नाव असं की ते नोंदवतानाच एका अक्षरानं ग्रो झालं.

लिफ्टमधल्या त्या शेजाऱ्याचं परवा अप्रेझल झालं. साहेबानं सांगितलं, "यू हॅव ग्रोन इन द रोल." हा मराठी गडी, कोल्हापूरकडचा, आनंदानं विचारता झाला की मग पगार? साहेब म्हणाला की ग्रोथ दोन प्रकारची असते, व्हर्टिकल आणि हॉरिझॉन्टल. व्हर्टिकल म्हणजे पद आणि पगार. हॉरिझॉन्टल म्हणजे सोडून गेलेल्या दोघांचं काम. याची हॉरिझॉन्टल झाली होती. घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मला रोजच दिसतंय की."

याच शब्दाचं दुसरं रूप मात्र काळजाचं पाणी करतं. तिसऱ्या मजल्यावरच्या सोलापूरच्या काकूंच्या खांद्यावर गाठ आली. तपासणी झाली, रिपोर्ट आला आणि त्यात 'ग्रोथ' असा शब्द दिसला. दलालाच्या तोंडून हा शब्द ऐकला की माणूस गादीखालचे पैसे मोजतो. रिपोर्टमध्ये दिसला की देवाला नवस बोलतो. काका दोन दिवस जेवले नाहीत. काकूंनी मात्र स्वतःच्याच आजारपणात त्यांच्यासाठी मऊ भात केला. शेवटी डॉक्टरांनी रिपोर्ट उलटसुलट पाहून सांगितलं, "साधी चरबीची गाठ आहे. ग्रोथ आहे, पण ग्रो होत नाहीये. काळजी नको." काकूंनी पेढे वाटले. ग्रोथ आहे पण ग्रो होत नाही, हे ऐकून पेढे वाटणारं अख्ख्या बंगळूरातलं ते एकमेव घर असावं.

मराठी माणसाला कन्नड जिभेवर बसवायला सोपं जातं, कारण ळ आपल्याकडेही आहे. दिल्लीकडच्या मंडळींची तिथेच दांडी उडते. कन्नडमध्ये 'बेले' म्हणजे किंमत, 'बेळे' म्हणजे पीक किंवा वाढणं, आणि तोच 'बे' जरा लांबवला की 'बेऽळे' म्हणजे डाळ. बिसी बेळे भात खाणाऱ्याला हे ठाऊक असायला हवं, पण खाताना व्याकरण कोण बघतो? आमच्या कोपऱ्यावरच्या वाणिणीकडे एक उत्तरेकडचा तरुण तुरीच्या डाळीचा भाव विचारत होता. तिन्ही शब्दांत त्याचा ल एकच. बाईला कळेना की याला डाळीची किंमत हवी, पिकाची हवी की किमतीचीच किंमत हवी. शेवटी तिनं तराजू खाली ठेवला आणि तिन्ही प्रश्नांना पुरेल असं एकच उत्तर दिलं, "जास्ती आगिदे." हा 'जास्ती' आपलाच. महागाईच्या बाबतीत दोन्ही राज्यांत सीमावाद नाही.

सोलापूरच्या काकूंनी गच्चीत ग्रो बॅग मांडल्या आहेत. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या, आत नारळाच्या काथ्याचा भुसा आणि माती, खाली निथळलेलं पाणी पकडायला जुनी ताटं. टोमॅटो आले ते गोट्यांएवढे, मिरच्या आल्या त्या खारींनी नेल्या. लागला तो अळू. असा लागला की पानं सुपाएवढी झाली. चौथ्या मजल्यावरच्या मंगळूरच्या अम्मांनी ती पाहिली आणि विचारलं, "हे केसूच ना?" काकू म्हणाल्या, "नाही हो, अळू." वाद पानावर मिटला. निम्मी पानं खाली आली, निम्मी वर गेली. खाली चिंचगुळाचं बेसन लावून अळूवडी झाली, वर वाटलेल्या तांदळाचं पीठ लावून पत्रोडे झाले. दोन्ही घरांतून ताटल्या एकमेकींकडे गेल्या आणि दोघींनी आपापल्या नवऱ्यांना सांगितलं की त्यांचंही बरं असतं, पण आपल्यासारखं नाही.

'ग्रो' या शब्दाचा खरा मालक कोण, हे पाहायचं असेल तर येलहंक्याहून हेब्बाळकडे जाताना लागणाऱ्या गांधी कृषी विज्ञान केंद्रात जावं. जीकेव्हीके म्हणतात ते हेच. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाचा परिसर. या विद्यापीठाच्या लक्ष्मणय्या नावाच्या संशोधकानं भारतीय आणि आफ्रिकी नाचणीचा संकर करून 'इंडाफ' वाण काढले. लोक त्यांना 'रागी लक्ष्मणय्या' म्हणायचे. त्यांनी नाचणी ग्रो केली आणि त्यासाठी एकदाही स्लाइड दाखवली नाही. दर वर्षी पावसाळा सरला की तिथे कृषिमेळा भरतो. इमारतींतली मंडळी रोपं, गांडूळखत आणि फोटो घेऊन परततात. शेतकरी मात्र वाणाच्या पाटीपुढे उभा राहून दोनच प्रश्न विचारतो: उतारा किती आणि दिवस किती? दिवस किती, म्हणजे वाढ थांबून काढणीला कधी येणार?

शेतकऱ्याला न थांबणाऱ्या वाढीचं काडीचं कौतुक नाही. युरिया जास्त पडला की पीक हिरवंगार होतं, कमरेएवढं उंच होतं, वाऱ्याच्या एका झोतात आडवं होतं आणि कणसात दाणा भरत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, वा, काय पीक आहे! मालक बांधावर बसून म्हणतो, "नुसतं माजलंय." आपल्या भाषेत वाढ वेगळी आणि माज वेगळा. तण माजतं, गवत माजतं, बोका माजतो. इंग्रजीतल्या 'ग्रो'ला हा फरक करता येत नाही, आणि येलहंक्याच्या दलालाला तो करायचा नाही. इमारती वर वर जातात तशा बोअरवेल खाली खाली जातात, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तर बंगळूरात टँकरवाल्याला जावयाचा मान मिळत होता. त्या वर्षीही दलालाच्या वाक्यात बदल नव्हता: एरिया ग्रो आग्ता इदे.

या सगळ्या गावात 'आता पुरे' म्हणण्याचा अधिकार फक्त एका संस्थेला आहे, ती म्हणजे हवाई दल. येलहंक्यात हवाई दलाचा तळ आहे आणि विमानांना उंच इमारती चालत नाहीत. त्यामुळे तळाच्या आसपास किती मजले चढवायचे यासाठी ना हरकत लागते. बिल्डर नगरसेवकाला नमवू शकतो, हवेत निघालेल्या लढाऊ विमानाला नाही. दर दोन वर्षांनी इथे 'एरो इंडिया' हे विमानांचं प्रदर्शन भरतं, १९९६ पासून. तेव्हा तळाच्या आसपास मांस विक्री बंद असते, कारण उष्ट्यावर घारी जमतात आणि घारी विमानाला धडकतात. विमानं अख्खं आकाश वापरतात आणि खाली कोंबडीवाल्याचं दुकान बंद. देशरक्षणात कोंबडीचाही वाटा आहे, पण तिला कुणी पदक देत नाही. शेजारीच रेल्वेचा चाकांचा कारखाना आहे, १९८४ सालचा. येलहंक्यात तयार होऊन पुढे आयुष्यभर फक्त झिजणारी वस्तू तेवढीच, आणि सगळा देश तिच्यावर चालतो.

मंगळूरच्या अम्मांकडे परवा जेवायला होतो. त्यांचं वाढणं म्हणजे चढाईच. पानातलं संपायच्या आत पळी हजर. "इन्नु स्वल्प," म्हणजे आणखी थोडं, असं म्हणत त्या आमटी ओतत होत्या. आम्ही हात आडवे धरत होतो, तर आमटी हाताच्या वरून नेमकी पानात पडत होती. तेव्हा काकूंनी कानात सांगितलं, "अहो, 'पुरे' कसलं म्हणताय, 'साकु' म्हणा." म्हटलं. पळी जागच्या जागी थांबली.

दुसऱ्या दिवशी खाली वॉचमन दुसऱ्या मजल्यावरच्या मंडळींबद्दल सांगत होता, "नायी साकिद्दारे." म्हणजे काय, तर त्यांनी कुत्रा पाळलाय. पाळणं, पोसणं, लहानाचं मोठं करणं म्हणजेही साकु. वाढवायचं आणि पुरे म्हणायचं, ही दोन्ही कामं कन्नडनं एकाच शब्दावर सोपवली आहेत. ज्यानं वाढवलं, त्यानंच कुठे थांबायचं ते सांगावं, इतका साधा हिशोब. आपण 'वाढणे'मध्ये पंगत घातली. त्या पंगतीला पुरे म्हणायची सोय शेजारणीच्या भाषेत निघाली. 'ग्रो'कडे यातलं काहीच नाही. त्याच्याकडे फक्त ग्रू आणि ग्रोन आहे.

तेव्हा येलहंक्यात राहायला येणार असाल तर कन्नडमधला पहिला शब्द म्हणून 'साकु' शिका. जेवताना उपयोगी पडतो, रिक्षावाला जास्ती सांगू लागला की उपयोगी पडतो, आणि दलाल तिसऱ्या फेजचं माहितीपत्रक उघडू लागला की तर फारच. मात्र अप्रेझलमध्ये साहेब पगाराचा आकडा सांगत असताना तो तोंडातून काढू नका. साहेब कन्नड असला तर लगेच थांबेल.